लष्कराने चार दिवस आकाश अडवलं, हे बारक्या विमानाच्या पायलटला नक्की कोण सांगतं?

उजळाईवाडीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा उजळाईवाडीचा. राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केलेल्या आपल्या विमानतळाच्या कुंपणापलीकडे आमच्या आजोबांचं रान होतं. उसाच्या बांधावर बसून विमान बघत मोठा झालो आणि आता दोन आणि चार आसनी विमानांवर पोरांना उडायला शिकवतो. संस्थेचं नाव इथे देत नाही. सुट्टीवर घरी आलोय आणि बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतोय.

लष्कराला सरावासाठी, गोळीबारासाठी, कधी क्षेपणास्त्र चाचणीसाठी आकाशाचा एखादा तुकडा ठराविक दिवस, ठराविक तास लागतो. तो तुकडा तेवढ्यापुरता इतरांना बंद होतो. ही सूचना नोटाममधून (पायलटांसाठीची अधिकृत लेखी सूचना) निघते. नियमही चांगला आहे: आणीबाणी सोडली तर अशा तात्पुरत्या बंदीची सूचना किमान ७ दिवस आधी निघाली पाहिजे. म्हणजे माहिती असते आणि वेळेत असते. तरी ती पायलटच्या डोक्यात पोचतेच असं नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

मी विद्यार्थी असताना एकट्याने लांबचं उड्डाण करायचं होतं. विमान सेस्ना १५२. आदल्या संध्याकाळी नोटामची चार पानं छापून घेतली. तिसऱ्या पानावर एका तात्पुरत्या बंद क्षेत्राची सूचना होती, वेळ लिहिली होती ०३३०-११३०. माझा मार्ग त्या क्षेत्राच्या बाहेरून जात होता, म्हणून मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. सकाळी नदीकाठावर दाट धुकं. ते विरळ व्हायला साडेदहा वाजले, मग इंधन, मग आणखी काही. दुपारी बाराला उडालो. फ्लाइट प्लॅन भरलेला होता, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) नंबर घेतलेले होते. नंबर हातात आले की वाट मोकळी, असं तेव्हा मला वाटायचं.

वाटेत ढग लागले. ते टाळायला उजवीकडे सरकत गेलो. सरकताना मनात एकदा आलं की या बाजूला ते क्षेत्र आहे, पण लगेच स्वतःला सांगितलं की ते साडेअकरालाच संपलं. पाच-सात मिनिटांनी रेडिओवर कंट्रोलरचा आवाज आला. आधी माझी जागा विचारली, मग ताबडतोब डावीकडे वळायला लावलं. आवाज शांत होता, पण तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

उतरल्यावर आमच्या सरांनी एक शब्द रागाचा काढला नाही. नकाशा पसरला, पेन्सिल हातात दिली आणि म्हणाले, काढ ते क्षेत्र. काढलं. मग म्हणाले, वेळ लिही. मी साडेतीन ते साडेअकरा लिहिली. त्यांनी त्यापुढे साडेपाच तास मिळवले. सकाळी ९ ते संध्याकाळी ५. नोटाममधली वेळ यूटीसी असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या दिवशी ते अंगात भिनलं.

मोठ्या विमान कंपनीत पायलटच्या आधी डिस्पॅचर हे सगळं वाचतो, मार्ग आखतो, नको ते बाजूला काढतो. दोन आसनी विमानातल्या वीस वर्षांच्या पोराचा डिस्पॅचर तो स्वतःच असतो. माझा विचार असा आहे की कोल्हापूर, कऱ्हाड, बारामती पट्ट्यासाठी रोज सकाळी एक पान मराठीत काढावं: आज कुठे, किती उंचीपर्यंत, आपल्या घड्याळाने किती ते किती. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना जाईल. तुमचं मत हवंय. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

सोलो_१४तास

सर, तुम्ही लिहिलंत म्हणून धीर आला. मी सध्या ट्रेनिंगला आहे, सोलोचे १४ तास झालेत. आम्ही नोटाम वाचतो, पण खरं सांगते, चाळीस सूचनांमधल्या पस्तीस धावपट्टीच्या दिव्यांच्या, क्रेनच्या आणि बंद टॅक्सीवेच्या असतात. डोळे सरकत जातात. जी एक महत्त्वाची असते तीही तशाच अक्षरांत, तशाच ओळीत असते.

टॉवरवाले_काका

उजळाईवाडीकर, तुमची तळमळ कळली, पण पानाची कल्पना मला अजिबात पटलेली नाही. मी बत्तीस वर्षं एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) काढली, त्यातली बरीच पश्चिम भारतात.

कारण सांगतो. मे २०२५ आठवा. उत्तर आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ बंद केले होते. नोटामप्रमाणे १४ मेची यूटीसी मध्यरात्र होईपर्यंत, म्हणजे आपल्या घड्याळाने १५ मेच्या पहाटे ५:२९ पर्यंत. बातम्यांमध्ये ती ५:२९ ची विचित्र वेळ बघून लोक विचारत होते की हे काय गणित. ते हेच साडेपाच तासांचं गणित. पण मुद्दा पुढचा आहे. १२ मेलाच ते विमानतळ पुन्हा उघडले. आणि १३ तारखेला सकाळी माझ्या पुतण्याच्या ग्रुपवर "१५ पर्यंत बंद" हा निरोप फिरत होता. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, माहितीही पहिल्यांदा पाठवली त्या दिवशी खरी होती.

इथे उलटं झालं, बंद असलेलं उघडलं, म्हणून कुणाचं बिघडलं नाही. पण समजा बंदी दोन दिवसांनी वाढली, किंवा वरची उंची ४,००० वरून ९,००० झाली. नोटामला बदलीचा नोटाम येतो, रद्दीचा नोटाम येतो. तुमच्या व्हॉट्सॲपच्या पानाला काय येतं? ते तसंच पडून राहतं आणि कुणीतरी गुरुवारी सोमवारचं पान बघून उडतो. मूळ कागद कंटाळवाणा असेल, पण तो जिवंत असतो.

सैनिक_टाकळी

जय हिंद. मी तोफखान्यात २१ वर्षं काढली, देवळालीला कोर्स केलेत, नगरच्या के. के. रेंजला गोळीबारही केलाय. दुसऱ्या बाजूचं सांगतो, ते कुणी लिहिलेलं दिसत नाही.

पायलट लोकांना वाटतं की तोफ जमिनीवर, आपण वर, काय संबंध. १५५ मिलिमीटरचा गोळा सरळ जात नाही, कमानीत जातो आणि त्या कमानीचा माथा काही किलोमीटर उंच असतो. ज्या उंचीवर तुमचं बारकं विमान आरामात चाललेलं असतं, त्याच उंचीतून गोळा वर जातो आणि परत खाली येतो. गोळ्याला वळता येत नाही. म्हणून आमच्याकडे आकाशावर नजर ठेवायला माणूस उभा असतो. विमान दिसलं की फायर थांबतो. सगळी बॅटरी (तोफांची तुकडी) थांबते, महिनाभर ठरवलेला सराव थांबतो. आम्हालाही तुमची चूक परवडत नाही.

आणि लष्कर लपवतं असा एक समज आहे. कशासाठी सराव, कुठलं हत्यार, किती माणसं, हे कुणी सांगणार नाही आणि विचारूही नये. पण कुठे आणि केव्हा हे तर सांगावंच लागतं. नाहीतर ज्याला वाचवायचं त्यालाच मारून बसू.

नगरी_पोर

सैनिक_टाकळी दादा, आमचं गाव के. के. रेंजच्या शेजारीच. १९३८ चा मैदानी गोळीबार आणि तोफखाना सरावाचा कायदा आहे, त्याखाली कुठल्या तारखांना कुठल्या गावांच्या शिवारात जायचं नाही हे जाहीर होतं. पेपरात येतं, पण पेपर किती जण वाचतात? ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगतात तेव्हा खरं कळतं. आजोबा सांगायचे की पूर्वी दवंडी द्यायचे. दवंडीत गट नंबर नसायचे. "ओढ्याच्या पलीकडं गुरं नेऊ नका, शुक्रवारपर्यंत" एवढंच. म्हातारीलाही कळायचं.

उजळाईवाडीकर

नगरी_पोर, हेच. हेच मला म्हणायचं होतं आणि नीट शब्द सापडत नव्हते. जमिनीवरच्या गावाला दवंडी मिळते, वरच्या बारक्या विमानाला गट नंबरांचा कागद मिळतो.

काका, तुमचा आक्षेप मी दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. विचार करतो.

भूगोल_मास्तर

गट नंबरांवरून आठवलं. मी पायलट नाही, हायस्कुलात भूगोल शिकवतो. पण अक्षांश-रेखांश हा माझा प्रांत आहे म्हणून एक धोका सांगतो.

नोटाममध्ये जागा अंश-मिनिटांत असते. १६४५ उत्तर म्हणजे १६ अंश ४५ मिनिटं. आजची मुलं ते मोबाइलच्या नकाशात १६.४५ असं टाकतात. १६.४५ अंश म्हणजे १६ अंश २७ मिनिटं! १८ मिनिटांचा फरक. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे ३३ किलोमीटर चूक. कोल्हापूर शहराच्या थोडी उत्तरेला असलेली रेघ थेट निपाणीच्या अलीकडे येऊन पडते. मोबाइल तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही जागा खऱ्याच आहेत.

माझ्या वर्गात मी दरवर्षी हे करून घेतो. रंकाळा, पन्हाळा, नरसोबावाडीचा संगम आणि राधानगरीचं धरण, चार जागांचे अंश-मिनिटं देतो आणि कागदावर काढायला लावतो. निम्मी मुलं पहिल्यांदा चुकतात, दुसऱ्यांदा फार कमी.

सोलो_१४तास

मास्तर, मी आत्ता करून बघितलं. माझ्याकडूनही चुकलं असतं. ॲपमध्ये दशांशाचा पर्याय आधीपासून निवडलेला होता.

टॉवरवाले_काका

मास्तरांनी फार कामाचं सांगितलं. त्याला जोडून दोन गोष्टी.

पहिली, आकार. नोटामच्या वरच्या क्यू ओळीत एक मध्यबिंदू आणि त्रिज्या असते. ती सूचना शोधायला, गाळायला असते, आणि तिच्यात सगळं क्षेत्र मावेल असा वर्तुळाचा घेर घेतात. खरी हद्द खाली ई) या मजकुरात असते, बहुतेक वेळा चार-पाच कोपऱ्यांची. काही ॲप नुसतं वर्तुळच काढतात. पायलटला वाटतं एवढं मोठं क्षेत्र कसं असेल, मग तो वर्तुळावरचा विश्वास सोडतो आणि खऱ्या हद्दीकडेही बघत नाही. त्याच ओळीत पाच अक्षरांचा कोड असतो. क्यूआरटीसीए दिसला तर तात्पुरतं प्रतिबंधित क्षेत्र चालू झालं असं समजा. क्यूडब्ल्यूएमएलडब्ल्यू म्हणजे तोफा, रॉकेट किंवा क्षेपणास्त्रांचा मारा होणार. शंभर सूचनांमध्ये आधी हे दोन शोधा, क्रेन नंतर.

दुसरी गोष्ट उंची. "६,००० फुटांपर्यंत बंद" असं वाचलं की नवा माणूस जमिनीपासून मोजतो. तिथे एएमएसएल लिहिलेलं असेल तर ते समुद्रसपाटीपासून आहे. आपला उजळाईवाडीचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर ४,००० फूटच राहिले. आणि पश्चिमेला घाटमाथ्याकडे गेलात की जमीन आणखी वर येते.

रंकाळाकाठ

मी एक आई म्हणून लिहिते. माझी मुलगी पायलटचं शिकते आहे, दुसऱ्या जिल्ह्यात आहे. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. मला यातलं काही कळत नाही. रोज रात्री फोनवर मी जेवलीस का विचारते. त्याऐवजी किंवा त्यासोबत मी काय विचारू? तिला त्रास न होता?

उजळाईवाडीकर

ताई, तुम्ही घाबरावं म्हणून हे लिहिलेलं नाही. आपल्याकडे व्यवस्था बरीच पक्की आहे. कुठल्याही लांबच्या उड्डाणाला आधी प्लॅन भरावा लागतो, मुंबईच्या फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून नंबर आणि हवाई संरक्षणाची परवानगी घ्यावी लागते. माझ्या चुकीच्या दिवशीही कंट्रोलरने मला वेळेत बाहेर काढलं, हे विसरू नका.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जेवलीस का नक्की विचारा. आणि एखाद्या रात्री म्हणा, "उद्याचा नकाशा काढलास का? मला फोटो पाठव." तुम्हाला तो समजायची गरज नाही. फोटो पाठवायचा म्हणून ती काढेल, आणि काढताना तिला दिसेल. माझ्या सरांनी पेन्सिल हातात दिली, त्यात एवढंच होतं.

रंकाळाकाठ

हे मला जमेल. मनापासून आभार.

जोतिबा_ड्रोन

मी लग्नं आणि यात्रा शूट करतो. चैत्रात जोतिबाला गुलालात ड्रोन उडवायचा म्हणजे वर्षाचं काम असतं. आमच्यासारख्यांना हे लागू आहे का? आम्ही तर चारशे फुटांच्या आत असतो.

टॉवरवाले_काका

लागू आहे हो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात मात्र नकाशा पाहूनच उडवायचा. तुमच्यासाठी आणखी महत्त्वाचं म्हणजे तात्पुरता लाल भाग. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तो जाहीर करू शकतो. मोठी यात्रा, मंत्र्यांचा दौरा, पूर, काहीही कारण असेल. कालचा नकाशा हिरवा होता म्हणून आजचा हिरवा असतो असं नाही. उडवण्याच्या दिवशी सकाळी बघा आणि पंखे फिरवण्याआधी पुन्हा बघा.

सैनिक_टाकळी

पुराचं नाव निघालं म्हणून बोलतो. ऑगस्ट २०१९. मी रिटायर होऊन घरी होतो. कृष्णा आणि पंचगंगेनं शिरोळ तालुका वेढला होता, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. आमच्या भागात नेव्ही, एअरफोर्स, एनडीआरएफ सगळे आले. गच्चीवरून माणसं उचलायला हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी व्हिडिओसाठी ड्रोन सोडला. मी पलीकडच्या छतावरून ओरडून ओरडून घसा बसवला. पोरगं वाईट नव्हतं. त्याला वाटत होतं की गावाची अवस्था जगाला दाखवावी. हेलिकॉप्टरच्या पंख्यात ड्रोन गेला तर काय होतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

अशा वेळी ७ दिवसांची सूचना कुठून देणार? आणीबाणीत सूचना मिनिटांत निघते आणि मिनिटांतच पोचली पाहिजे. तिथं भोंगाच लागतो.

जोतिबा_ड्रोन

काका, दादा, पटलं. २०१९ ला माझ्याकडे ड्रोन नव्हता, पण असता तर मीही उडवला असता, खोटं कशाला बोलू. आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर आजच टाकतो. निरोप म्हणून टाकत नाही, नकाशाची लिंक टाकतो आणि स्वतः उघडून बघा म्हणतो.

नवखा_वाचक

एक शंका. पायलटला इंग्रजी येतंच, परीक्षाही इंग्रजीत, रेडिओही इंग्रजीत. मग मराठी पानाचा हट्ट का? उलट दोन भाषांत गोंधळ वाढेल.

सोलो_१४तास

मला येतं इंग्रजी. पण परवा मैत्रिणीने मला विचारलं, "म्हणजे नक्की कुठं गं?" आणि मी आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली आकडे नको, कुठं ते सांग. मला सांगता येईना. तेव्हा कळलं की मी वाचलंय पण मला माहीत नाही. "नदीच्या वळणापासून कारखान्याच्या चिमणीपर्यंत, नऊ ते पाच" असं आपल्या भाषेत सांगता आलं म्हणजे खरंच समजलेलं असतं.

नवखा_वाचक

हे मान्य.

भूगोल_मास्तर

वेग हा एक विषय राहिला. लढाऊ विमान खालून ४२० नॉटने गेलं तर मिनिटाला ७ सागरी मैल, जवळजवळ १३ किलोमीटर. कोल्हापूर ते बेळगाव हवेतून साधारण ९५ किलोमीटर आहे. सेस्नाला अर्धा तास लागतो, त्याला साडेसात मिनिटं. "दिसलं की बाजूला होऊ" हे या वेगात चालेल का, हे पायलट लोकांनीच सांगावं.

उजळाईवाडीकर

मास्तर, नाही चालत. समोरून येणारं लढाऊ विमान आधी काचेवरच्या ठिपक्याएवढं दिसतं, आणि ज्याची टक्कर होणार असते तो ठिपका काचेवर जागचा हलत नाही, म्हणून डोळ्यांना जाणवतही नाही. ७ जुलै २०१५ ला अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये एफ-१६ आणि सेस्ना १५० यांची हवेत टक्कर झाली. सेस्नातले दोघे गेले, एफ-१६ चा पायलट पॅराशूटने वाचला. ते बंद लष्करी क्षेत्र नव्हतं, त्यामुळे तो दोष नोटामचा नव्हे. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबण्याचं काय होतं ते त्यात दिसतं. लष्कर वेगळं आकाश मागतं ते यासाठीच.

बेळगावचा विषय निघालाच आहे तर आपल्या पट्ट्यातल्या पोरांसाठी: सांबऱ्याला हवाई दल, पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, गोव्यात दाबोळी नौदलाचं. कोल्हापूरहून कुठल्याही बाजूला तासभर उडालात तर कुणाच्या तरी अंगणाजवळून जाता. त्यात वाईट काही नाही, फक्त अंगण कुणाचं आणि आज दार लावलंय का, हे माहीत हवं.

टॉवरवाले_काका

दार कायम लावलेलं नसतं हेही सांगा. पूर्वी लष्करासाठी राखलेलं आकाश वापरात नसलं तरी बंदच राहायचं. २०२० च्या मे महिन्यात केंद्राने जाहीर केलं होतं की देशातलं ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळेपणी मिळतं आणि ते वाढवायचं आहे. लष्कराचं काम नसेल तेव्हा तोच मार्ग नागरी विमानांना द्यायचा, याला आकाशाचा लवचीक वापर म्हणतात. देशासाठी हे फार चांगलं आहे, इंधन वाचतं. पण बारक्या पायलटच्या दृष्टीने यातून एक नवी जबाबदारी आली. पूर्वी नकाशावर छापलेलं क्षेत्र कायमचं टाळलं की झालं. आता तेच क्षेत्र सकाळी बंद, दुपारी उघडं, परत उद्या बंद. आकाश जितकं लवचीक, तितकं रोज विचारणं वाढलं.

ब्रिटनमध्ये यासाठी एक साधी सोय आहे. तात्पुरत्या बंदींची रोजची यादी ध्वनिमुद्रित करून फुकटच्या फोन नंबरवर ठेवतात. अमेरिकेत तात्पुरत्या बंदी नकाशावर काढूनच सरकारी संकेतस्थळावर दाखवतात. आपल्याकडे हे दोन्ही व्हावं असं मला फार वाटतं. निवृत्तीआधी मी तसं लेखी मांडलंही होतं.

नगरी_पोर

फोनवर दवंडी! काका, हे मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तिन्हींत व्हायला पाहिजे.

उजळाईवाडीकर

दोन दिवस विचार केला, संस्थेतल्या दोघांशी बोललो. काका, व्हॉट्सॲपचं पान रद्द. तुमचा ३२ विमानतळांचा दाखला ऐकवल्यावर आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी पहिलं वाक्य हेच म्हटलं.

त्याऐवजी असं ठरतंय. संस्थेत ब्रीफिंगच्या खोलीत भिंतीवर आपल्या पट्ट्याचा मोठा नकाशा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक. रोज सकाळी ज्याचं पहिलं उड्डाण, त्याने मूळ नोटाममधून क्षेत्र स्वतः काढायचं. दुसऱ्याने कागद न बघता ते त्याच्याकडून मराठीत ऐकायचं आणि मग कागदाशी ताडायचं. कडेला चार गोष्टी: नोटामचा नंबर, आपल्या घड्याळाची वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि किती वाजता तपासलं. तपासून दोन तास झाले की ती आकृती शिळी, पुन्हा बघायचं. उड्डाणाला उशीर झाला तरी पुन्हा बघायचं. धुक्याच्या दिवशी तर नक्कीच. संध्याकाळी सगळं पुसायचं. फोटो बाहेर पाठवायचा नाही. (रंकाळाकाठ ताई, तुम्हाला स्वतःच्या नकाशाचा फोटो पाठवायला हरकत नाही!)

बोर्डावर कसं दिसेल ते पूर्ण काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. हा खरा नोटाम नाही, कुणी वापरू नये.

"क्षेत्र: घाटमाथ्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत, पूर्वेची हद्द हायवेच्या ५ मैल अलीकडे. जमिनीपासून वर ७,००० फूट एएमएसएलपर्यंत. सोमवार ते गुरुवार, सकाळी ९ ते संध्या. ५ (यूटीसी ०३३०-११३०). तपासलं ६:४०, पुन्हा ८:४०."

वेळ मुद्दाम तीच ठेवली आहे.

टॉवरवाले_काका

आता पटलं. एक भर घाला. हद्दीला लागून मार्ग आखू नका, निदान ५ मैल सोडा. तुमचे ढग आठवा. आणि मनात शंका आली तर रेडिओवर विचारायला लाजू नये हे पोरांना पहिल्या दिवशी सांगा. विचारणाऱ्या पायलटवर मी कधी चिडलो नाही. न विचारणाऱ्यांसाठी रात्री झोप उडाली आहे.

सैनिक_टाकळी

बोर्डावर खाली मोठ्या अक्षरात एक ओळ लिहा साहेब: "आत माणसं काम करतायत." पोरांना तो नुसता बंद चौकोन वाटू नये.

उजळाईवाडीकर

लिहितो दादा.

मास्तर, एक विनंती. पन्हाळा, जोतिबा, रंकाळा, संगम, राधानगरी, हायवेचे पूल, कारखान्यांच्या चिमण्या, अशा वरून ओळखू येणाऱ्या तीस-चाळीस खुणांची अंश-मिनिटांसह यादी करून द्याल का? मी तुमच्या शाळेत येऊन घेऊन जाईन. रविवारपर्यंत इथेच आहे.

भूगोल_मास्तर

शनिवारी साडेअकराला शाळा सुटते. नववीची मुलं थांबवतो, यादी तेच करतील. तुम्ही येताना तुमचा तो जुना नकाशा आणा, पेन्सिलीच्या रेघेसकट. त्यांना बघायचाय.